वाकलेला शंकू

"भट्टीला घाई दाखवायची नाही. गरम असताना दार उघडलंस, तर चांगली मातीही तडकते."

बाबा आणि मी ज्या विटांच्या कारखान्यात काम करतो, तिथे माझ्या पहिल्या दिवशी बाबांनी दिलेली ही ताकीद मी सकाळपासून जपासारखी घोकत होते... आणि तरी पुन्हा पुन्हा भट्टीच्या दाराशी जाऊन उभी राहत होते.

आत त्याची माती होती. तो टेकड्या उकरून माती शोधणारा सर्वेक्षक. पहिल्यांदा आला तो चिखलाच्या बुटांनी, मी नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून.

"बूट बाहेर," मी म्हणाले.

"माती तपासायचीच जागा ना ही? मग तेही तपासून टाका."

हसू लपवायला मला खिडकीकडे वळावं लागलं.

त्याच्या मातीच्या अग्निरोधक विटा होतील का, हे मी ठरवायचं. मातीचे बोटाएवढे शंकू करून तापवायचे. टोक ताठ राहिलं तर पास, वाकलं तर नापास.

काल शंकू आत ठेवताना तो हळूच म्हणाला, "पास झाली तर इथे खाण निघेल. मी इथेच राहीन. मग... तुमच्या बाबांना भेटायला येईन म्हणतो."

"आणि वाकली तर?"

"तर उद्या संध्याकाळची बस. कुठल्या तोंडाने येऊ?"

"वाकेल माती. तुम्ही का मान खाली घालायची?"

तो हसला नाही. "निकाल काहीही असो, सांगायला तुम्ही स्वतः या. बसथांब्यावर असेन."

"येईन."

सकाळी देवापुढे हात जोडले, पण मागणं ओठांवर येईना. मातीचा स्वभाव बदल, असं कसं म्हणायचं? नुसतीच बसून राहिले – जीव थाऱ्यावर नव्हता.

दुपार कलली तेव्हा कुठे दार हाताला कोमट लागलं. उघडलं.

सगळ्या शंकूंनी माना टाकल्या होत्या.

मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मग निकालात 'नापास' लिहिलं, एक शंकू रुमालात गुंडाळला आणि चपला पायात सरकवल्या.

बाबा साच्यांपाशी उभे होते. "काय झालं मातीचं?"

"वाकली."

त्यांनी हातातला साचा उगाच पुसला. "आणि तो?"

"तेच बघायला चाललेय, बाबा. त्याला सांगू ना... तुम्ही आज संध्याकाळी घरीच आहात म्हणून?"

"सांग. आणि म्हणावं, बूट बाहेर काढून ये."

रुमाल घट्ट धरून मी बसथांब्याच्या रस्त्याला लागले.