पावणेतीनची प्रत

त्या दुपारी आम्ही नेहमीचंच काम करत होतो: सरकारी दवाखान्याच्या औषधवाटपाच्या सॉफ्टवेअरची चाचणी. दूरदेशी शिकून मी परतलो होतो ते दादाबरोबर हेच उभारायला. गरिबाच्या हातात चुकीची गोळी पडू नये, एवढंच आमचं स्वप्न.

चाचणीसाठी मोठ्या संगणकाच्या पोटात आम्ही दुसरा, आभासी संगणक चालवायचो. चार मिनिटं तपासायचं, मग सगळं पुसून जतन केलेल्या क्षणावर परत यायचं. तो क्षण दादानेच जतन केला होता, महिन्यापूर्वी एका दुपारी पावणेतीनला. खरं तर त्याआधी यंत्र बंद करायचं असतं. दादाने घाईत ते चालू ठेवूनच प्रत काढली, स्वतः त्यावर काम करता करता; त्या क्षणी आत जे चालू होतं ते सगळं प्रतीत आलं. सात मिनिटांनी त्याच खुर्चीत त्याचं हृदय थांबलं. खोलीत कुणी नव्हतं.

"तुमच्या यंत्राला जुना दिवस परत मिळतो, भाऊजी," वहिनी म्हणाली. चाचण्या आता तीच घ्यायची. "आमच्या नशिबी नाही ती सोय."

मी कसनुसा हसलो. तेवढ्यात आभासी संगणकाच्या पडद्यावर अक्षरं उमटली. कीबोर्डला कुणाचाही हात नव्हता.

छातीत दुखतंय. कुणी आहे का?

दवाखान्यातला फिनेलचा वास एकदम उग्र झाला. पंखा तेवढा कुरकुरत होता.

"हे रोज होतं," वहिनी हळूच म्हणाली. "महिनाभर... मला वाटलं, मलाच वेड लागलंय."

शिवाय रोज दोनशे चाचण्या कुणी न बघता आपोआप चालायच्या. म्हणजे रोज दोनशे वेळा आम्ही दादाला जागं करत होतो, आणि उत्तर न देताच पुसून टाकत होतो.

चार मिनिटं भरत आली. माझं बोट सवयीने पुसायच्या बटणाकडे गेलं. वहिनीने मनगट धरलं.

"या वेळी नको, भाऊजी. ह्यांना पुढे जाऊ द्या... सुटू द्या."

तिने टाइप केलं: मी आहे. इथेच बसलेय.

आलीस? बरं झालं.

आतलं घड्याळ सरकत राहिलं. दोन पन्नास. एक्कावन्न. बावन्न. अक्षरं थांबली. वहिनीने डोळे मिटून घेतले.

"सुटले..." ती पुटपुटली.

मग एकेक अक्षर, अगदी सावकाश:

आता दुखत नाही. पण इथे आम्ही पुष्कळ आहोत. सगळे मीच. बाकीच्यांचं अजून दुखतंय.