काचेच्या पेटीतला दुसरा दिवस

पेटी आली तेव्हा पहिली अडचण झाली ती प्लगची. तिरुवल्लिकेणीतल्या त्या जुन्या भाड्याच्या घरात मोठा प्लग बसेल असा एकच बोर्ड, आणि तिथे फ्रिज. संयुक्ताने फ्रिजची वायर काढली, दूध-दही शेजारच्या विशालाक्षी मामींकडे पोचतं केलं आणि आप्पांना काचेच्या झाकणाच्या थंड पेटीत ठेवलं. परदेशातली मुलं येईपर्यंत चेन्नईत मयत अशीच घरात ठेवतात. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पेटीवाला जाताना दोनच गोष्टी बजावून गेला. काचेवर बाहेरून दव धरेल, ते पुसत राहा. झाकण मात्र उघडू नका.

आप्पा म्हणजे तिचे वडील त्र्यंबकराव, तंजावरकडच्या मराठी घरातले. आयुष्यभर कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर दर एकादशीला प्रवचन. देह म्हणजे भाड्याचं घर, मालकाने सांगितलं की सोडायचं, राहणारा काही मरत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लोक माना डोलवायचे. संयुक्ताला मात्र मनातल्या मनात हसू यायचं, कारण घरमालकाच्या तीन नोटिसा येऊनही आप्पा या घरातून बावन्न वर्षांत तसूभर हलले नव्हते. तिचं लग्नही त्यातच राहून गेलं. आप्पांची कॉफी कोण करणार? खुर्चीच्या हातावर त्यांनी अंगठीने तीनदा टकटक केलं, की ती शाळेच्या वह्या बाजूला सारून उठायची. स्वतः ती कॉफीला शिवत नसे. नुसत्या वासाने तिचं डोकं उठायचं.

जाण्याच्या आठवडाभर आधी त्यांनी तिचा हात धरला होता. "त्याच दिवशीं जाळायचें मला. सूर्य बुडायच्या आंत. हरीसाठीं थांबूं नकों. देह पुढ्यांत राहिला कीं ओढ सुटत नाहीं."

"सरि आप्पा," म्हणत तिने होकार दिला होता. आणि तिने शब्द मोडला. आईच्या वेळी टोरांटोहून धावत आलेल्या धाकट्या भावाच्या, श्रीहरीच्या हातात नुसती राख पडली होती. सात वर्षं तो तिच्याशी धड बोलला नव्हता. आता तिला दुसरं होतं कोण? या वेळी काहीही झालं तरी ती थांबणार होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी विमान उतरल्याचा निरोप आला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मोगऱ्याच्या हारांना आंबूस वास सुटला होता. पेटीची मोटर घुरघुरत होती, आणि त्या घुरघुरीतून संयुक्ताला ऐकू आलं... टक. टक. टक.

"मामी, ऐकलंत कां?"

"मोटार आहे ती. तसेंच वाजते." मामी उठल्या. "तूं कालपासून उपाशी आहेस. भात घेऊन येतें."

मामी गेल्या आणि करंट गेला. डोक्यावरचा पंखा फिरत फिरत थांबला. मोटरही थांबली. घरात इतकी शांतता झाली की तिला स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला. तिने फडकं घेतलं आणि काच पुसली. धुकं जाईना. पुन्हा पुसली. मग तिच्या लक्षात आलं, धुकं आतून होतं. तोंडासमोर, वाटीएवढं. ते थोडं विरायचं... आणि पुन्हा धरायचं.

टक. टक. टक.

अंगठी बोटातून निघाली नव्हती म्हणून तशीच ठेवली होती. डॉक्टरांनी दोनदा तपासलं होतं, हे तिला ठाऊक होतं. पण तीस वर्षं त्या आवाजाला उठायची सवय झालेली बाई काय करणार? तिने झाकण हातभर उचललं आणि आत हात घालून आप्पांचा हात धरला.

हात गरम होता.

गार झाला तो तिचा हात. बोटांपासून खांद्यापर्यंत, मग छातीपर्यंत. हाक मारायला तिने तोंड उघडू पाहिलं. ते उघडेना. जिभेवर तुळशीचं पान होतं. नाकात कापूस होता. पायांचे अंगठे एकमेकांना चिंधीने बांधलेले होते. पापण्या मिटलेल्या होत्या, तरी दिसत होतं... वर काच, काचेपलीकडे थांबलेला पंखा, आणि झाकण जपून खाली लावणारे दोन हात. तिचेच. डाव्या मनगटावर तिचंच घड्याळ.

ते हात तिने आयुष्यभर पाहिले होते, पण असे बाहेरून कधीच नाही. ती ओरडली. कुठूनही आवाज निघाला नाही.

मग दार वाजलं, बॅग आपटली, आणि श्रीहरीचं तोंड काचेवर आलं. रडून सुजलेलं, थकलेलं. किती वर्षांनी इतक्या जवळून दिसलं.

"थांबलीस ना अक्का माझ्यासाठी," तो म्हणाला. "मी उगाच तुझ्यावर राग धरला गं. आता तुला एकटं नाही ठेवणार."

हेच ऐकायला ती थांबली होती. तिचं शरीर त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतं.

"रडूं नकों रे. देह म्हणजे भाड्याचें घर." आवाज तिचा होता, लय तिची नव्हती. "उठ. सूर्य बुडायच्या आंत उरकूंया. आणि मामींना म्हणावें, कॉफी टाका. घोटभर कडक."

"तू कधीपासून कॉफी घ्यायला लागलीस?"

"आतांपासून."

राहणारा मरत नाही, त्याला आग लागत नाही, हे संयुक्ताला पाठ होतं. मग आगीत तो असतो कुठे, किती वेळ, हे आप्पांनी कधीच सांगितलं नव्हतं. तिने असेल नसेल तेवढा जीव त्या एका बोटात आणला. अंगठी हलली. टक. टक. टक.

श्रीहरी दचकला. "अक्का, आत काही वाजलं?"

काचेवरून फडकं फिरलं, सावकाश, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत.

"मोटार आहे ती. तसेंच वाजते."

श्रीहरीने मान हलवली आणि कपाळावरचा घाम पुसला. वरचा पंखा अजून थांबलेलाच होता.