पोकळ इशारा

"तुम्ही पुढंमागं एखाद्या बसकंडक्टरला चावाल, असं यंत्राचं म्हणणं आहे," अक्षता हेंद्रे म्हणाली.

समोर बसलेले महादेव सरगर खुर्चीत ताठ झाले. साठी ओलांडलेला गृहस्थ, कडक इस्त्रीचा सदरा, मांडीवर टोपी. "कुठल्या कंडक्टरला?"

"ते यंत्र सांगत नाही. भर उन्हाची वेळ असते, तुम्ही उपाशी असता, उभ्यानं प्रवास चाललेला असतो आणि तो तुम्हाला 'ए म्हाताऱ्या, मागं सरक' म्हणतो. त्या वाटेनं पुढं गेलं की शेवटी चावा आहे."

"काय बोलता ओ मॅडम! चावायला तोंडात दात तरी नकोत का?" सरगरांनी आ वासून दाखवला.

अक्षतानं टॉर्च लावून आत पाहिलं. वर नाही, खाली नाही. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा उजळला.

"छान! कवळी वगैरे?"

"येत्या महिन्यात बसवणार हाय. नातीचं लगीन हाय, फोटोत तोंड बोळकं दिसतं."

"नाही बसवायची."

"लग्नापुरती तरी?"

"कधीच नाही. दात नसणं हा तुमचा अडसर आहे, काका. अडसर आहे म्हणून इशारा पोकळ, आणि पोकळ आहे म्हणून मी तो आत्ता बंद करते."

सरगरांनी मांडीवरची टोपी उचलली. "म्हणजे मी सज्जन हाय म्हणून न्हाई, बोळका हाय म्हणून सुटलो?"

"सुटलात ना?" अक्षता म्हणाली आणि तिनं पुढच्या माणसाला आत बोलावलं.

सांगलीच्या पूर्वसूचना कार्यालयात असं दिवसभर चाले. त्यामागचं विज्ञान तसं सोपं होतं. माणूस वयात आला की त्याच्या मेंदूतली सगळी जोडणी उतरवून घेत. कुठली आठवण कुठल्या रागाला बांधलेली आहे आणि कुठला राग कुठल्या हाताला, हे सगळं एका लांबलचक मजकुरात येई. त्या मजकुराला मेंदूलेख म्हणत. सुरुवातीला शास्त्रज्ञांनी हा मेंदूलेख संगणकात चालवूनही पाहिला. चालवलेली नक्कल जागी झाली, तिनं नाश्ता मागितला आणि आठवड्याभरात मूळ माणसाच्या भविष्यनिर्वाह निधीत अर्धा वाटा मागायला कोर्टात गेली. तेव्हापासून मेंदूलेख चालवायला बंदी आली. वाचायला मात्र हरकत नव्हती.

न चालवता नुसतं वाचून दोष शोधायचे, याला स्थिर वाचन म्हणत. युक्ती जुनीच होती. पूर्वी संगणकाचे प्रोग्रॅम असेच तपासत. एखादीनं गॅस न पेटवता पाककृती नुसती वाचावी आणि सांगावं, 'इथं तुझं करपणार', तसं. अडचण एवढीच की वाचनयंत्राला प्रत्येक वाट सारखीच खरी वाटे. माणूस जिथून रोज जातो ती वाट आणि जिथून सात जन्मांत जाणार नाही ती वाट, दोन्हींच्या टोकाशी ते तितक्याच तत्परतेनं लाल खूण करी. इचलकरंजीच्या एका दंतवैद्याविषयी इशारा होता की ते विहिणीला नदीत ढकलतील. विहीण कॅनडात होती. तासगावच्या एका कीर्तनकारांविषयी होता की ते हत्ती चोरतील.

म्हणून तपासनीस लागत. इशारा ज्या वाटेवर आहे ती वाट खऱ्या आयुष्यात कशामुळे बंद आहे, हे तपासनिसानं शोधायचं. जे वाट बंद करतं ते अडसर. अडसर सापडला की इशारा पोकळ. अडसर काहीही चाले. जिन्यापाशी रोज भेटणारा शेजारी, दुखरा गुडघा, झोपेची गोळी, न चुकता भुंकणारं कुत्रं. अट एकच होती, अडसर जागचा हलता कामा नये. एखादा माणूसच कुणाचा अडसर असेल तर त्याला तसं कळवायचं नाही, आणि त्यानं बदलीचा अर्ज केला तर तो कारण न देता परत पाठवायचा.

हा नियम अक्षताला पाठ होता. म्हणूनच तिचा स्वतःचा बदलीचा अर्ज तिसऱ्यांदा कारण न देता परत आला, तेव्हा ती जागच्या जागी खाली बसली. नशिबानं तिथं खुर्ची होती.

तिचा नवरा सौमित्र विशाखापट्टणला जहाजदुरुस्तीच्या गोदीत होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण संसाराला सुरुवात व्हायची होती. दोघं भेटत ते सणावाराला, दहा नातेवाइकांच्या घोळक्यात, आणि फोनवर बोलत ते 'जेवलीस का' आणि 'जेवलास का' या दोन विषयांवर. बदली झाली की सगळं मार्गी लागणार होतं.

"नाही म्हणाले," तिनं फोनवर सांगितलं.

"पुन्हा? तुमचा साहेब डूख धरून बसलाय का तुझ्यावर?"

"साहेबाचा प्रश्न नाही रे. मी कुणाचा तरी अडसर आहे."

"कुणाचा?"

"तेच कळत नाही ना!"

त्या दिवसापासून अक्षता आजूबाजूच्या प्रत्येकाकडे तिरक्या नजरेनं बघायला लागली. यांच्यापैकी कुणीतरी, ती रोज भेटते म्हणून, काहीतरी भयंकर करायचं थांबलं होतं. तिच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारे दामले तिला रोज 'आज भाजी काय' विचारत. निरुपद्रवी माणूस. पण रोज? कार्यालयातले टिळेकर साहेब दुपारचा चहा तिच्याशिवाय घेत नसत. तिनं मुद्दाम चार दिवस साहेबांशी बोलणं टाकलं आणि ते कुणाचा गळा धरतात का हे दाराआडून पाहिलं. साहेब उलट खुशीत दिसले. पाचव्या दिवशी ते शीळ घालत होते. हे तिला जरा लागलंच. दामल्यांना तिनं एकदा कोबी सांगून दुसऱ्या दिवशी पुन्हा कोबीच सांगितला. ते "बरं बरं" म्हणाले आणि हसले. त्या हसण्याचा अर्थ लावण्यात तिची रविवारची सुट्टी गेली.

शेवटी तिनं मिरजेची वाट धरली. वाचनयंत्र ज्यांनी बांधलं त्या डॉक्टर सुलभा उमरजी तिथल्या वाचनकेंद्रात बसत. उमरजीबाई आधी संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधत आणि मग माणसांकडे वळल्या. अक्षताच्या प्रशिक्षणात त्यांनीच शिकवलं होतं. ती आत गेली तेव्हा त्या भडंग खात होत्या.

"ये गं. घे. तिखट आहे जरा."

"बाई, मी कुणाचा अडसर आहे?"

उमरजीबाईंनी बोटं पुसली आणि यंत्रात पाहिलं. अगदी सावकाश. "कुणाचाच नाहीस."

"मग बदली का देत नाहीत?"

"तू अडसर नाहीस, असं म्हटलं मी." त्यांनी भडंगातला एक शेंगदाणा वेचून बाजूला ठेवला. "अडसर माणूसच असतो असं कुणी सांगितलं? भिंतही असते. तुझ्या प्रकरणात अंतर आहे."

"कसलं अंतर?"

"सांगली ते विशाखापट्टण."

अक्षतानं आधी नकाशा डोळ्यांपुढे आणला आणि मग त्याचा अर्थ.

"तुमचं लग्न ठरलं तेव्हा दोघांचे मेंदूलेख एकत्र वाचले होते," उमरजीबाई म्हणाल्या. "सगळ्यांचेच वाचतात. एका वाटेवर लाल खूण आली. दोघं एका घरात राहायला लागल्यावरची वाट आहे. तपासनिसानं पाहिलं, नवऱ्याची नोकरी तिकडं, बायकोची इकडं. वाट बंद. इशारा पोकळ ठरवला आणि मोकळा झाला."

"काय होतं त्या वाटेवर?"

"एक जण दुसऱ्याला…" बाईंनी पुढचं वाक्य भडंगाबरोबर खाल्लं. "गंभीर वर्गातला आहे."

"कोण कुणाला?"

"ते सांगता येत नाही. ज्याचं त्याला कळलं की त्याचा मेंदूलेखच बदलतो. मग पुन्हा वाचन, नवे इशारे, त्यांना नवे अडसर. संपतच नाही."

"मला नका सांगू. मान तरी हलवा. माझा आहे की त्याचा?"

उमरजीबाईंनी मान अजिबात हलवली नाही. इतकी स्थिर मान अक्षतानं आजवर पाहिली नव्हती.

"हे बघ, तुझा अनुभव काय सांगतो? इशारे पोकळ निघतात की नाही?"

"जवळजवळ सगळे."

"मग झालं तर!"

"पण बाई, ते अडसरामुळे पोकळ असतात. अडसर काढला तर काय उरतं?"

"तपासलं नाही कुणी." त्या प्रामाणिक बाई होत्या. "अडसर काढून कोण बघणार? यंत्र भित्रं आहे म्हणून आपण त्याला हसतो. पण बंद केलेल्या इशाऱ्यांतले किती खरोखर पोकळ होते, हे आपल्याला ठाऊक नाही. कधीच ठाऊक नव्हतं." मग त्यांनी पुडा तिच्याकडे सरकवला. "अंतराचा अडसर दोघांच्या संमतीनं काढता येतो. दोघांनी लिहून द्यायचं की आम्हाला कल्पना आहे. बदली दुसऱ्या दिवशी मिळेल."

"म्हणजे त्यालाही हे सगळं कळणार?"

"संमती द्यायची तर कळायला नको?"

दोन दिवस सौमित्रचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला.

"मिळालं मला ते संमतीचं पत्र," तो म्हणाला. "गंमतच आहे नाही?"

"गंमतच."

"पोकळच असणार."

"जवळजवळ सगळे असतात."

'जेवलीस का' कुणालाच सुचेना.

"सौमित्र, तू कधी कुणाला मारलंयस का रे?"

"झुरळ."

"कसं?"

"कसं म्हणजे?"

"म्हणजे पटकन, की…"

"अक्षता!"

"सहज विचारलं."

"आणि तू? शाळेत त्या मुलीला कंपास मारला होतास ना?"

अक्षताच्या हातातला फोन गरम झाल्यासारखा वाटला. "तो चुकून लागला होता. तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईनं. साखरपुड्यात. हसत हसत सांगत होत्या."

त्या रात्री तिनं स्वतःचीच तपासणी करायची ठरवलं. धंदाच होता तिचा. रागावलेली अक्षता, हातात सुरी असलेली अक्षता, समोर पाठमोरा सौमित्र. या वाटेवर मला काय अडवेल? दुसऱ्या कुणाची फाइल असती तर तिला निमिषात काहीतरी सापडलं असतं. इथं तिनं खूप शोधलं. आपण तसं करणार नाही एवढंच सापडत होतं, आणि 'मी तसं करणार नाही' हे कार्यालयात अडसर म्हणून धरत नसत. मग तिनं उलट बाजूनं पाहिलं. सौमित्र, पाठमोरी ती. त्याच्याविषयी आपल्याला माहीत आहे ते झुरळापर्यंतच, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

नाही म्हणावं का? पण नाही म्हणायचं म्हणजे काय म्हणायचं? तू मला मारशील अशी भीती वाटते, की मी तुला मारीन अशी? दोन्हींपैकी काहीही म्हटलं तरी लग्न संपत होतं. तिनं संमती दिली. तासाभरात त्याचीही आली. त्यानं तासभर कशाला घेतला, हा विचार तिनं प्रवासभर केला.

विशाखापट्टणच्या स्टेशनवर तो घ्यायला आला होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच आजूबाजूला एकही नातेवाईक नव्हता. तो छान दिसत होता. तिनं त्याचे हात पाहिले. त्यानं तिची पर्स पाहिली.

"वाटेत भाजी घेतली," तो रिक्षात म्हणाला. "चिरलेलीच मिळते इथं."

"बरं झालं. मला चिरायचा कंटाळाच आहे."

"मलाही. घरात सुरी नाहीच."

"कधीपासून?"

"परवापासून."

दोघं समोर, रस्त्याकडे बघत राहिले.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, एका वेळी जेमतेम एक माणूस जाईल असा. सौमित्र बॅग घेऊन पहिल्या पायरीशी थांबला आणि बाजूला झाला.

"आधी तू."

"छे, घर तुझं आहे. तू हो पुढं."

"पाहुण्यानं आधी जायचं असतं."

"मी पाहुणी आहे का?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला. चल ना."

"तू चल."

थोडा वेळ असाच गेला. मग, कुणी काही न ठरवता, दोघांनी समोरासमोरच्या भिंतींना पाठ टेकवली, एकमेकांकडे तोंड केलं, मधे बॅग धरली आणि खेकड्यासारखे आडवे आडवे वर चढू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी दार किलकिलं करून पाहिलं. नवीन लग्न झालेलं दिसतंय, असं त्यांना वाटलं, कारण दोघंही हसत होते. हसू आधी कोण थांबवतो, याकडे दोघांचंही बारीक लक्ष होतं.