भुईवर न पडलेला शब्द

शिक्षकांची सभा आटोपून रत्ना पिरंगुटच्या थांब्यावर पोचली, तेव्हा वडाखाली एकच माणूस होता. फेटा गुडघ्यावर ठेवून शेंगा खात बसलेला. साल एकोणीसशे साठ, माघातली दुपार.

"पौडची गाडी गेली का?" तिनं विचारलं.

त्यानं टरफल सावकाश खाली टाकलं. "गेली. पर लई वेळ थांबली व्हती तुमच्यासाठी. जाताना म्हनली, बाईंना सांगा, मी रागावले न्हाई."

दुसरी कुणी असती तर तोंड फिरवून उभी राहिली असती. रत्नाच्या तोंडून मात्र निघून गेलं, "रागावली नाही, मग माझी छत्री का घेऊन गेली?"

तोंडाशी नेलेली शेंग तशीच राहिली. मग तो असा हसला, की वडावरचे कावळे उडाले. पुढची गाडी येईपर्यंत दोघांनी त्या रुसलेल्या गाडीचं सासर, माहेर, नणंदा... सगळं ठरवून टाकलं.

तो नांदे गावचा जयसिंग. पावसाळाभर भातशेती, एरवी गावच्या तमाशाच्या फडातला सोंगाड्या. आठच दिवसांत तो रत्नाच्या पौडच्या शाळेत हजर झाला. पौडला चैत्रातल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, भर उन्हात, तमाशाचा हजेरीचा खेळ होतो. त्यात यंदा लिहायला-वाचायला शिकवणाऱ्या प्रौढांच्या वर्गाच्या प्रचारासाठी एक बतावणी व्हावी असं सरपंच हैबतरावांच्या मनात होतं. बतावणी म्हणजे दोघांचं हसवणारं बोलणं, कुणी लिहून न दिलेलं, जागेवर सुचेल तसं. लुगडं नेसून उभा राहणारा जयसिंगचा जोडीदार मुंबईला गिरणीत लागला होता. बाईंचं काम बाईंनीच केलं तर? गावात थोडी कुजबुज झाली. पण सोंगातही रत्ना मास्तरीणच होणार होती, आणि जिच्या घरी ती भाड्यानं राहत होती त्या सगुणाबाईंनी तालमीला बसायचं आपण होऊन कबूल केलं.

पहिल्या दिवशी रत्नानं सगळी वाक्यं वहीत लिहून आणली. जयसिंगनं वही उलटसुलट पाहिली आणि सरळ तिच्यावर बसला.

"एकच कायदा," तो म्हणाला. "समोरच्यानं टाकलेला शब्द भुईवर पडू द्यायचा न्हाई. मी म्हनलो घरात हत्ती शिरला, तर 'कुटं हाय हत्ती' असं इचारायचं न्हाई. म्हनायचं, व्हय, अन त्यानं भाकरीबी मोडली. 'न्हाई'ला हितं जागाच न्हाई."

हे तिला फार लवकर जमलं. घरी ती कधी नाही म्हणालीच नव्हती. त्याच आठवड्यात पुण्याहून वडिलांचं, आण्णांचं कार्ड आलं होतं: मुलगा पाहिला आहे, वैशाखात उरकून घेऊ, तुझी हरकत नसेलच. कार्ड ट्रंकेत तळाशी गेलं, आणि रत्ना रोज संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर हत्तींना भाकरी वाढू लागली.

करवंदीच्या फुलांचा वास डोंगरावरून खाली यायचा. शब्द टाकून जयसिंग तिच्याकडे बघत राही, आणि तिचं उत्तर येण्याआधीच त्याला हसू फुटे. तिचा घसा बसला तर न बोलता तांब्या पुढे सरकवी. सगुणाबाई वाल सोलता सोलता एकदा म्हणाल्या, "बतावणी हितं ऐकू येतीया. पर डोळ्यांची येगळीच चाललीया जनू."

हजेरीच्या दिवशी माणसं दाटीवाटीनं बसली होती. जयसिंग झाला होता पाटी फोडणारा शेतकरी, रत्ना मास्तरीण. हशा थांबत नव्हता. आणि ऐन रंगात, तालमीत कधीच न आलेलं वाक्य त्यानं टाकलं.

"बाई, समदी अक्षरं शिकलो. आता येकच ऱ्हायलं — तुमच्या नावाफुडं माजं नाव कसं लिवायचं?"

ढोलकीवालासुद्धा पुढे झुकला. रत्नाच्या कानशिलांवर ऊन उतरलं... पण शब्द भुईवर पडायच्या आत तिनं झेलला. "आधी माझं नाव हजारदा गिरवा. पाटी मी देते."

फेटे उडाले. बाई हो म्हणाल्या, असं बाजारभर झालं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर जयसिंग आला. फेटा हातात, चेहरा उतरलेला. ओसरीची पायरीही तो चढला नाही.

"काल माजं चुकलं," तो म्हणाला. "तुमाला न्हाई म्हनायची सोय नव्हती. कायदा मीच शिकवला, अन त्याच्याच आडून इचारलं. तुमी म्हनाल तर गावाला सांगतो, समदी बतावणी व्हती."

रत्नानं फळा पुसायचं फडकं खाली ठेवलं.

"मला नाही म्हणता येतं," ती म्हणाली. "आज सकाळीच आण्णांना 'नाही' लिहिलं. आयुष्यातलं पहिलं. पत्र पेटीत टाकलं, आणि मग पोस्टाच्या पायरीवर बसून राहिले." ती पुढे म्हणाली, "तेव्हा आता विचारा. नीट."

जयसिंगनं हातातला फेटा डोक्यावर ठेवला, पुन्हा काढला.

"माज्यासंगं... ऱ्हाशील?"

रत्नानं तो शब्द झेलला नाही. मुद्दाम पडू दिला, दोघांच्या मधल्या त्या सारवलेल्या भुईवर. त्याच्याकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं. तो हलला नाही, हसला नाही. वाट बघत राहिला.

मग ती म्हणाली, "हो."

"नुसतं हो?"

"नुसतं हो," ती म्हणाली, आणि पाटी त्याच्या हातात दिली.