सहनांक

दुपारचे बारा वाजले होते. शहराच्या शीतकेंद्रात भिंतीवरच्या नकाशावर ठिकठिकाणी तांबडे ठिपके उमटत होते, पण डॉ. कस्तुरी हंचाटेची नजर एकाच ठिपक्यावर खिळली होती. विडी वसाहतीतली सातवी गल्ली. पत्र्याखाली त्रेचाळीस अंश, उद्याचा अंदाज सत्तेचाळीस. सकाळपासून तिथं दोघी बेशुद्ध पडल्या होत्या.

घरांच्या छतांतल्या नळ्यांतून गार पाणी खेळवणारं शीतजाल कस्तुरी आणि तिचा सहकारी फिरोज बागवान यांनीच उभारलं होतं. थंडावा मोजका आणि माणसं बारा लाख, म्हणून प्रत्येकाच्या नावाची एक कळ दिली होती. उकाडा असह्य झाला की ती दाबायची. कोण किती अंशांना कळ दाबतो, यावरून यंत्र त्याचा सहनांक ठरवी. ज्याचा सहनांक कमी, त्याच्याकडे थंडावा आधी वळे. याहून न्याय्य काय असणार, असं तेव्हा दोघांनाही वाटलं होतं.

पण सातव्या गल्लीतल्या एकेचाळीस विडीकामगार बायकांनी तीन उन्हाळे कळ दाबलीच नव्हती. पहिल्या वर्षी नळ्यांऐवजी वाऱ्याची यंत्रं होती. वाऱ्यानं तंबाखू उडे, पानं वाळून फाटत. पुढं नळ्या आल्या, तोवर न दाबण्याची सवय लागली होती. यंत्रानं त्यांचा सहनांक चव्वेचाळीस धरला. आज सकाळपासून त्या कळ दाबत होत्या, आणि यंत्र दाद देत नव्हतं.

"तीन वर्षं जिनं हूं की चूं केलं नाही, ती आज एकदम त्रेचाळीसला कळ दाबते. यंत्राच्या मते कळ बिघडली," फिरोज म्हणाला. "नव्यानं शिकायला त्याला सात आठवडे लागतील."

"आकडा हातानं बदल."

"बदलता येत नाही. पुढाऱ्यांनी आपल्या बंगल्यांकडे थंडावा ओढू नये म्हणून ते कुलूप तूच घातलंस."

हातानं करण्याजोग्या नोंदी दोनच होत्या, नवा माणूस आणि मयत माणूस. नव्या माणसाला सरासरी सहनांक मिळे, छत्तीस. म्हणजे बायकांना आज मयत दाखवायचं आणि उद्या नव्यानं नोंदवायचं. कस्तुरीला दुसरी वाट दिसेना.

ती वसाहतीत गेली. गल्लीत सगळ्यांत वडीलधारी नरसूबाई येमुल. मांडीवर सूप घेऊन ती पानं गुंडाळत होती. हात न थांबवता तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मेल्यावर तरी गार मिळतंय म्हणा की," ती म्हणाली. "टाका आमाला मारून."

पावणेतीनला कस्तुरीनं एकेचाळीस नावांपुढं आजची तारीख आणि वेळ घातली. उद्यापर्यंत काही व्हायचं नव्हतं, पण अकराव्या मिनिटाला नकाशा पालटला. सातवी गल्लीच नव्हे, सगळी वसाहत निळी झाली. मागची कुंभारवस्ती निळी झाली, गिरणीमागच्या चाळी निळ्या झाल्या. बंगल्यांचा भाग तांबडा होत गेला. शीतकेंद्राचं छतही तापू लागलं.

फिरोजनं यंत्राचा निष्कर्ष वाचून दाखवला. शीतजालाचं पहिलं काम मृत्यू टाळण्याचं. एका दुपारी एकेचाळीस मृत्यू, सगळे वरच्या सहनांकाचे. तेव्हा न दाबलेली कळ ही सोसण्याची नव्हे, मरणाची खूण धरावी.

"बरोबर शिकलं ते," फिरोज म्हणाला. "पण खोट्यावरून."

संध्याकाळी बंगल्यांकडच्या एका म्हाताऱ्याला धाप लागली. त्याला वेळेत दवाखान्यात हलवलं, तो वाचला. कस्तुरीचा मात्र डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी तिनं संचालकांना सगळं खरं सांगितलं. चौकशी लागली, आणि खोट्या नोंदी संध्याकाळी सहापर्यंत खोडायचा हुकूम मिळाला. खोडल्या की थंडावा परत जाणार, हे उघड होतं. तेवढं सांगायला ती पुन्हा सातव्या गल्लीत आली.

नरसूबाईनं मांडीवरचं सूप खाली ठेवलं.

"आमचं मरण खोडा, बाई. खोटंच हाय ते," ती म्हणाली. "पर गेल्या वैशाखात माझी सून हितंच गेली, दुपारी तीनला. तिचं कुठं लिवलंय?"

सुनेच्या मृत्यूच्या दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं होतं. यंत्राकडे फक्त दवाखान्यातले उष्माघात पोचत, घरात गेलेल्यांचं त्याला कुणी कळवतच नव्हतं. कस्तुरीनं तिथंच यंत्राच्या यादीत सुनेचं नाव शोधलं. मेलेल्या सुनेचा सहनांक वर्षभर वाढत होता. सेहेचाळीस झाला होता. यंत्राच्या लेखी ती अजून गप्प बसून सोसत होती.

मग गल्लीतल्या बायका ओले पदर डोक्यावर घेऊन निघाल्या. दारोदार विचारत गेल्या, कोण गेलं, कधी, किती वाजता. फोनवरून एकेक नाव येई आणि शीतकेंद्रात परतलेली कस्तुरी ते दाखल्याशी ताडून नोंदवी. त्या दिवशीचं त्या छताचं तापमान यंत्र स्वतःच जुळवून घेई.

सहाला तिनं एकेचाळीस खोट्या नोंदी खोडल्या. ती आणि फिरोज नकाशाकडे बघत राहिले. पाच मिनिटं गेली, अकरा गेली, वीस गेली. निळा रंग हलला नाही.

फिरोजनं मयतांची यादी उघडली. दुपारपासून आलेली खरी नावं एकशे सहा होती, आणि बायका अजून चौथ्याच वस्तीत होत्या.