शनिवारचं पाणी

लिबुशे तोमानोवाबाईंचं पत्र आलं, तेव्हा विलेम कुबात मास्तरांनी ते उभ्यानंच वाचलं, पुन्हा बसून वाचलं आणि घडी घालून जाड शब्दकोशात ठेवून दिलं. उत्तर उद्या लिहू, असं त्यांनी ठरवलं. उद्या उजाडला, परवाही उजाडला, आणि पुढे पुढे तर रस्त्यात बाई दिसल्या की मास्तर टोपीला हात लावून पलीकडच्या कडेनं जाऊ लागले. गावातल्या दोन पिढ्यांना त्यांनी पत्रलेखन शिकवलं होतं.

पत्र साधंच होतं. ‘मास्तर, तुम्ही नेहमी तळ्याजवळच्या वळणावरून जाता. माझ्या रादेकची टाकी तिथून कुणी नेली, तुमच्या काही नजरेला पडलं का? मला कुणाशी भांडायचं नाही. मी अजून दर शनिवारी जाते. खांब उघडा आहे, पण पाणी घातल्याशिवाय माझ्यानं परतवत नाही.’

बाईंचा मुलगा रादेक मास्तरांचाच विद्यार्थी. त्या वळणावर मोटरसायकलवरून पडून गेला. आमच्याकडे अशा जागी खुणेचं काहीतरी उभारतात. कुणी क्रूस लावतं, कुणी हेल्मेट. बाईंनी लोखंडी खांबावर त्याच्या गाडीची पेट्रोलची टाकीच बसवली, झाकण काढलं आणि तिच्या तोंडात कार्नेशनची फुलं खोचली. टाकीची फुलदाणी झाली.

मास्तरांकडे एक जुनी यावा मोटरसायकल होती. कादंबऱ्या आणि ही गाडी, एवढंच काय ते त्यांना शौक. त्या जुन्या सांगाड्यावर नंतरच्या मॉडेलचा साज चढवायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. जुन्या भागांच्या बाजारातून त्यांनी मडगार्ड आणलं, बाजूची झाकणं आणली, शेपटीसारखी निमुळती सीट आणली. टाकी तेवढी मिळेना. तसली टाकी वळणावर उभी होती. मास्तर जाता-येता तिच्याकडे बघत, आणि आपण फुलांकडे बघतोय असं स्वतःला सांगत.

मग रस्ता रुंद करताना यंत्राच्या धक्क्यानं खांब आडवा झाला. टाकी नाल्यात पडली. मास्तरांनी ती उचलली. सांभाळून ठेवू, बाईंना नेऊन देऊ, असाच विचार होता. निदान नाल्यापासून घरापर्यंत तरी होता. घरी त्यांनी आतली माती धुतली, कुजलेले देठ आकड्यानं ओढून काढले, पोचे काढले. लाल टाकी गडद निळी रंगवली. गाडीवर ती अशी बसली, जणू तिच्यासाठीच घडवलेली. कामगारांनी खांब पुन्हा उभा केला, नुसताच. त्यानंतर आठवड्याभरात पत्र आलं.

त्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता. एका रविवारी गाडी चढावर आचके देऊन बंद पडली. गॅरेजवाल्या लुबोशनं टाकीतलं पेट्रोल काचेच्या बरणीत काढलं. वर पेट्रोल, खाली चांगलं चार बोटं पाणी.

“काय हे मास्तर! आपल्या गावात पाणी पिणारा एक माणूस सापडायचा नाही, आणि तुमची गाडी पिते?”

“हवेतला ओलावा असेल.”

“एवढा? मग माझ्या बागेत का नाही पडत तो?”

मास्तरांनी झाकणाचं रबर बदललं, दुसऱ्या पंपावरून पेट्रोल भरलं, गाडी कुलपात ठेवली. पुढच्या रविवारी पुन्हा पाणी. त्याच्या पुढच्याही. लुबोशनं बरणी नाकाशी नेली आणि चटकन लांब धरली. त्या पाण्याला फुलदाणीतल्या शिळ्या पाण्याचा वास येत होता.

“आत काही मेलंय का हो?” त्यानं विचारलं.

शुक्रवारपर्यंत शुद्ध आणि रविवारी पाणी, हे मास्तरांच्या ध्यानात आलं होतं. पण ध्यानात येणं वेगळं आणि मानणं वेगळं. ते शिक्षक होते. बघितल्याशिवाय मानायचं नाही.

म्हणून शनिवारी सकाळी ते स्वतः वळणावर गेले. रस्त्याकडेच्या प्लमच्या झाडाखाली गाडीवर बसून राहिले. बाई आल्या. हातात पत्र्याची झारी, डोक्याला रुमाल. मास्तरांना निघून जाता आलं नाही.

“नमस्कार, मास्तर. इकडे कुठे?”

“सहज. सावली बरी आहे.”

बाई जवळ आल्या. त्यांनी गाडी पाहिली. मग निळ्या टाकीवर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

“छान रंग दिलाय.”

“हो.”

“रादेकची लाल होती.” त्यांनी हात काढला नाही. “मास्तर, मला काही सांगायचं होतं का तुम्हाला?”

मास्तर डोक्यावरची टोपी सारखी करू लागले. “नाही... ऊन फार आहे आज,” ते म्हणाले.

“फार आहे,” बाई म्हणाल्या आणि खांबाकडे गेल्या.

त्यांनी झारी कलती केली. पाण्याची धार खांबाच्या बुंध्याशी पडली. मास्तर बघत होते.

जमीन भिजली नाही.

धार पडत होती आणि धूळ तशीच पांढरी, भुरभुरीत. एक मुंगी तिथून चालत गेली.

मास्तरांच्या गुडघ्यांमधली टाकी गार पडू लागली. तापलेला पत्रा, उन्हातला, हळूहळू विहिरीच्या कठड्यासारखा गार.

आतून आवाज आला. कळशी भरत येताना येतो तसा, खालून वर चढत जाणारा.

झारी रिकामी झाली. आवाज थांबला.

बाई वळून न बघता गावाकडे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव चर्चमध्ये असताना मास्तरांनी टाकी नेऊन खांबावर बसवली, तारेनं घट्ट बांधली आणि चोरासारखे परतले. यावाला तिची मूळची टाकी लावली. झालं, असं ते स्वतःशी मोठ्यानं म्हणाले. कुणाशी बोलायला नको, काही लिहायला नको.

पुढच्या रविवारी दारूच्या गुत्त्यात टाकीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. निळ्या रंगाचा अर्थ सगळ्यांना लागला होता. लुबोशनं तेवढं विचारलं, “जुनी टाकी लावलीत?”

“हो.”

“बरं केलंत.” त्यानं ग्लास बाजूला सारला. मग म्हणाला, “तोमानोवाबाई मला बोलावून गेल्या काल शनिवारी. म्हणतात, टाकी आली पण भरत नाही. अख्खी झारी ओतली माझ्यासमोर. टाकी कोरडी ठाक. सगळीकडून हात फिरवून बघितला मी मास्तर, कुठे भोक नाही.”

मास्तर बिअर तशीच टाकून घरी आले. शेडचं कुलूप काढलं, जुन्या टाकीचं झाकण फिरवलं. पाणी काठोकाठ होतं. त्यावर कार्नेशनची एक पाकळी तरंगत होती, ताजी.

ते तिथेच खोक्यावर बसले. टाकी परत केली होती. बाईंनी टाकी मागितलीच नव्हती. त्यांनी एक प्रश्न विचारला होता.

उत्तर लिहायला मास्तरांना सबंध दुपार लागली. पहिले कागद त्यांनी फाडले. त्यात रस्त्याचं काम होतं, नाला होता, सांभाळून ठेवण्याची इच्छा होती. शेवटच्या कागदावर एवढंच राहिलं: ‘टाकी मी नेली. मला ती हवी होती. तुम्ही विचारलंत तेव्हा मी गप्प बसलो, आणि वळणावर तुमच्या तोंडावर खोटं बोललो. विलेम कुबात.’

बाईंचं घर हाकेच्या अंतरावर होतं. पण दाराशी उभं राहण्याची छाती मास्तरांना शेवटपर्यंत झाली नाही. सोमवारी ते टपाल कचेरीत गेले.

खिडकीत बसणाऱ्या पावला नावाच्या कारकून बाईनं पाकीट काट्यावर ठेवलं आणि भुवया उंचावल्या. “मास्तर, पुस्तक लिहिलंत की काय? पानं किती आहेत?”

“एकच.”

तिनं पाकीट उचलून हातात तोललं, उजेडात धरलं, पुन्हा काट्यावर ठेवलं. मग जास्तीची तिकिटं लावली, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या कापडी पिशवीत टाकलं. मास्तरांनी आभार मानले. कित्येक दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला.

दाराशी जाऊन त्यांनी एकदा मागे पाहिलं. पावला पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलत होती. तिच्या मागे खुंटीला टांगलेल्या पिशवीचा तळ हळूहळू भिजून काळा पडत चालला होता, आणि खालच्या फरशीवर पाण्याचा पहिला थेंब पडला.