डबी उघडू नका

नेरूळच्या सिग्नलला बसने कच्चकन ब्रेक मारला आणि माझ्या मांडीवरची डबी थेट पुढच्या सीटखाली गेली.

"या अल्लाह!" मी ओरडलेच. अख्खी बस वळून बघायला लागली. बघू दे! फॉइलमध्ये गुंडाळलेल्या त्या डबीत माझी पीएचडी होती.

शेजारचा मुलगाही खाली वाकला. त्याचंही काहीतरी घरंगळलं होतं. आमची डोकी टणकन आपटली.

"सॉरी..." तो कपाळ चोळत हसला. "ही तुमची."

मी डबी छातीशी धरली. निळी जर्सी, पाठीवर 'कोच', गालाला खळी. खळी मी बघितली नव्हती — म्हणजे बघितली, पण ओझरती.

"एवढं काय आहे त्यात?"

"सांगितलं तर हसाल."

"रोजा आहे. आज हसणंही बेतानंच."

"माझाही आहे," मी म्हणाले, आणि उगाचच बरं वाटलं.

मग सांगितलं. धातू, क्लोरीन आणि एक सेंद्रिय रेणू एकत्र नांदवून केलेले स्फटिक, नाव हायब्रिड मेटल हॅलाइड. अतिनील टॉर्च मारला की हिरवे चमकतात. मारतच राहिलं तर हळूहळू नारिंगी होतात. लाल दिव्याच्या खोलीत महिनाभर वाढवलेत, अजून एकदाही उजेड पाहिलेला नाही. पहिल्यांदा पाहतील तेव्हा काय होतं, तेच उद्या मशीनवर मोजायचंय. त्याआधी कुणी डबी उघडली, तर महिन्याची मेहनत पाण्यात. मशीनवर पुढचा नंबर थेट दिवाळीनंतर.

"म्हणजे पहिल्या नजरेत काय होतं ते..." तो थांबला. "मोजता येतं?"

मी खिडकीबाहेर बघत बसले. कान गरम झाले होते.

"मी सैफ. मॉलमागच्या टर्फवर पोरांना फुटबॉल शिकवतो." सीवूड्स आलं होतं.

"उझमा," मी म्हणाले. तो उतरला. नंबर मागितला नाही, बावळट.

घरी पोचले तर अम्मी म्हणाली, "ओढणीला काय लागलं गं?"

हिरवा डाग. बोट लावून वास घेतला... पुदिना! फॉइलचं टोक उचकटलं, आत कबाब. त्याचीही डबी फॉइलमध्येच होती, आणि बसमध्ये अदलाबदल झाली होती! मगरिबची अजान झाली की तो इफ्तारीला डबी उघडणार. तीही टर्फवर, त्या भल्यामोठ्या फ्लडलाइट्सखाली!

"अम्मी, तो माझी पीएचडी उघडणार!"

"तो कोण?" अम्मीला तेवढंच ऐकू आलं.

मी सुसाट सुटले. रिक्षा पाम बीच रोडला अडकली. पुढे गाड्याच गाड्या, वर आभाळ काळवंडत चाललेलं. आणि अजान झाली... माझे डोळे घळाघळा वाहायला लागले. रिक्षावाल्या काकांनी आरशातून बघितलं आणि बाटली मागे दिली.

"पोरी, पानी तरी पी. तुजा टाइम झाला ना?"

त्या पाण्यावर मी रोजा सोडला.

टर्फवर लखलखाट होता. पोरं बॉलमागे धावत होती आणि सैफ बाकावर बसला होता — हात रिकामे.

"डबी?" माझ्या तोंडून एवढाच शब्द निघाला.

त्याने बाकाखालून बुटांची पिशवी ओढली. पिशवीत टॉवेल, टॉवेलात जॅकेट, जॅकेटात डबी. फॉइल जशीच्या तशी!

"उघडली नाहीत?"

"आईची डबी गळली नाही असा दिवस नाही. ही कोरडी ठणठणीत, वासही नाही. मग आठवलं, तुम्ही कशी छातीशी धरली होती." तो ओशाळं हसला. "तुम्हाला कुठे शोधू, कळेना. म्हटलं, इथेच बसतो."

"उपाशी?"

"खजूर खाल्ला एक."

मी तिथेच हिरवळीवर फतकल मारून बसले. रडू येत होतं, हसूही येत होतं, आणि त्या क्षणी तो मला इतका आवडला की काय सांगू! मग आम्ही कबाब खाल्ले. चटणी खरंच जवळजवळ सगळी गळली होती.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. आलेख इतका सुरेख आला की गाइडनी लगेच त्याची प्रिंट काढून घेतली. संध्याकाळी मी डबी घेऊन टर्फवर गेले.

"आता उघडायला हरकत नाही. फक्त लाइट बंद करा."

त्याने स्विच पाडला. पोरांनी बोंब ठोकली, "कोच, लाइट!" मी टॉर्च लावला... आणि डबीत हिरवागार उजेड फुलला. सैफ वाकून बघत राहिला. हिरवा हळूहळू नारिंगी होत गेला.

"परत हिरवा होतो?"

"पहिली वेळ परत येत नाही, पण रंग येतो. दोन-चार तास अंधारात ठेवला की."

"म्हणजे रोज नव्याने? रोज बघायला आवडेल मला." त्याचा आवाज बारीक झाला. "डबी नाही आणलीस... तरी ये. उझमा, तू मला आवडतेस. कालपासून. बसपासूनच."

"हुश्श!" मी इतक्या जोरात म्हणाले की पोरं गप्प झाली.

"हुश्श काय?"

"मला वाटलं, तेही मलाच बोलावं लागणार!"

तेवढ्यात कुणीतरी स्विच वर केला आणि सगळं टर्फ उजळलं. सैफचं लक्ष माझ्या ओढणीकडे गेलं. पुदिन्याचा डाग तसाच होता.

"धुतली नाहीस?"

"नाही," मी म्हणाले. "आणि धुणारही नाही."